स्तनाच्या कर्करोगात औषध थेट गाठीपर्यंत पोहोचवण्याच्या पद्धती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषध थेट गाठीपर्यंत पोहोचवणे म्हणजे नेमके काय? नेहमीच्या केमोथेरपीत ते होत नाही का?

शिरेतून दिलेले केमोथेरपीचे औषध काही मिनिटांत रक्ताबरोबर सगळ्या शरीरभर फिरते आणि गाठीच्या वाट्याला त्यातला अगदी थोडा अंश येतो. बाकीचे औषध अस्थिमज्जा, केसांची मुळे, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर अशा भराभर वाढणाऱ्या निरोगी पेशींना इजा करते. काही औषधे त्यापलीकडेही नुकसान करतात. डॉक्सोरुबिसिन हे त्याचे ठळक उदाहरण आहे. स्तनाच्या कर्करोगावर ते उत्तम चालते, पण हृदयाच्या स्नायूंना होणारी इजा प्रत्येक मात्रेगणिक साठत जाते, आणि म्हणून आयुष्यभरात मिळून शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे ते सहसा दिले जात नाही. म्हणजे गाठ औषधाला दाद देत असतानाही हृदयाखातर हात आखडता घ्यावा लागतो.

या अडचणीतून वेगळा विचार पुढे आला. औषध तेच किंवा त्याहूनही जहाल असले तरी चालेल, पण ते शरीरात कुठे जाते, किती वेळ बांधलेले राहते आणि कुठे मोकळे होते यावर आपला ताबा हवा. गाठीत पोहोचलेले औषध आणि निरोगी अवयवांत पोहोचलेले औषध यांचे प्रमाण गाठीच्या बाजूने झुकवणे हे या सगळ्या पद्धतींचे उद्दिष्ट आहे. शंभर टक्के औषध गाठीतच जाईल आणि बाहेर थेंबभरही जाणार नाही अशी पद्धत आज तरी अस्तित्वात नाही, आणि तसे सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

टार्गेटेड थेरपी आणि ही पद्धत एकच आहे का?

नाही, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. टॅमॉक्सिफेन किंवा पॅल्बोसिक्लिबची गोळी घेतली की औषध सगळ्या शरीरभर जाते. मात्र त्याचा परिणाम पेशीतल्या एका ठरावीक रेणूवर होतो. तिथे औषधाचा परिणाम नेमका असतो, त्याचा प्रवास नव्हे. इथे उलट आहे. ज्या औषधाला निरोगी पेशी आणि कर्कपेशी यांत फारसा भेद करता येत नाही, त्याला वाहकावर बसवून योग्य जागी नेले जाते.

ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड, म्हणजे पेशीवरची ठरावीक खूण ओळखून तिला चिकटणारे प्रथिन, दोन्ही बाजूंना बसते. एकटे दिले तर ती टार्गेटेड थेरपी, आणि त्याला केमोथेरपीचे रेणू जोडले की तेच प्रतिपिंड वाहक होते.

आज प्रत्यक्ष उपचारात यातले काय काय वापरले जाते?

मेदाच्या सूक्ष्म पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरलेले डॉक्सोरुबिसिन. अल्ब्युमिन या प्रथिनाशी बांधलेले पॅक्लिटॅक्सेल. आणि प्रतिपिंडाला रासायनिक दुव्याने औषध जोडून केलेली संयुगे, ज्यांना रुग्णालयांत एडीसी म्हणतात. पहिल्या दोन पद्धती जुन्या आहेत आणि त्यांचा फायदा मुख्यतः दुष्परिणाम कमी होण्यात किंवा औषध देणे सोपे होण्यात आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत रुग्णांचे आयुष्य मोजता येईल इतके वाढवले ते तिसऱ्या पद्धतीने, म्हणून पुढे तिच्याबद्दल अधिक विस्ताराने लिहिले आहे.

लायपोसोममधले डॉक्सोरुबिसिन साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा अधिक गुणकारी असते का?

अधिक गुणकारी नसते, हृदयाला मात्र अधिक सुरक्षित असते. लायपोसोम म्हणजे पेशीच्या आवरणात असतात तशाच मेदरेणूंचा पोकळ गोल. अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात अशा गोलांचा अभ्यास केला, आणि १९९५ मध्ये लायपोसोमबद्ध डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. या गोलांचा व्यास साधारण १०० नॅनोमीटर असतो. त्यांच्या पृष्ठभागावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या लावलेल्या असतात, त्यामुळे यकृत आणि प्लीहा यांतल्या भक्षक पेशी त्यांना लवकर ओळखत नाहीत आणि औषध रक्तात दोन-तीन दिवस टिकते.

हृदयातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असल्याने एवढा मोठा गोल त्यांतून सहज बाहेर पडत नाही. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात दोन्ही औषधांची थेट तुलना झाली तेव्हा आजार रोखून धरण्याचा काळ जवळपास सारखाच आला, पण हृदयाची इजा लायपोसोमच्या गटात बरीच कमी होती. युरोपात म्हणूनच ज्यांच्या हृदयाला धोका अधिक आहे अशा पसरलेल्या आजाराच्या रुग्णांसाठी त्याला मान्यता आहे.

पण त्रास पूर्णपणे टळत नाही, त्याची जागा बदलते. हे गोल त्वचेत, विशेषतः तळहात आणि तळपायांत साचतात. तिथे लाली, जळजळ, सूज येते आणि त्वचा सोलवटते. उपचाराच्या दिवसांत कडक गरम पाण्याने आंघोळ, घट्ट पादत्राणे आणि हातांवर जोर देणारी कामे टाळायला सांगतात ती याच कारणाने. हा सल्ला वरवर किरकोळ वाटतो, पण जिथे घर्षण आणि उष्णता अधिक तिथेच हा त्रास अधिक होतो, आणि तो वाढला की पुढची मात्रा लांबवावी लागते.

अल्ब्युमिनशी बांधलेले पॅक्लिटॅक्सेल कशासाठी?

पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. साध्या स्वरूपात ते एरंडेलापासून बनवलेल्या एका विद्रावकात देतात, आणि तीव्र अ‍ॅलर्जीचा बराचसा दोष या विद्रावकाकडेच जातो. म्हणून आधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीविरोधी औषधे द्यावी लागतात. रक्तातल्या अल्ब्युमिनशी बांधून औषधाचे सुमारे १३० नॅनोमीटरचे कण केले की विद्रावकाची गरजच राहत नाही. २००५ मध्ये अमेरिकेत पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ती मान्यता आधारलेली होती, तिच्यात साधे पॅक्लिटॅक्सेल चौरस मीटरमागे १७५ मिलिग्रॅम तीन तासांत दिले होते आणि नवे २६० मिलिग्रॅम अर्ध्या तासात. गाठी लक्षणीय आकसण्याचे प्रमाण अनुक्रमे १९ आणि ३३ टक्के होते. वाढलेल्या मात्रेबरोबर हातापायांना मुंग्या येणे आणि बधिरता मात्र अधिक दिसली. शर्टाची बटणे लावता येईनाशी झाली किंवा चालताना पायाखालची जमीन नीट जाणवेनाशी झाली तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. मात्रा वेळेत कमी केली तर हा त्रास बहुधा ओसरतो.

नॅनोकण आपोआप गाठीत जाऊन साचतात असे वाचले. ते खरे आहे का?

अंशतः. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या असल्यामुळे त्यांच्या भिंतींत फटी राहतात, आणि गाठीतला द्रव वाहून नेणारी लसिकावाहिन्यांची व्यवस्थाही नीट चालत नाही. त्यामुळे मोठे रेणू आणि कण आत शिरतात आणि तिथेच रेंगाळतात, असे मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवले. पुढची दोन-तीन दशके नॅनोऔषधांचे जवळजवळ सगळे संशोधन याच कल्पनेवर उभे राहिले.

नंतर हिशेब मांडला गेला. प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांचे मध्यम प्रमाण ०.७ टक्के निघाले. माणसांत तर एकाच रुग्णाच्या दोन गाठींतसुद्धा फरक असतो. एका गाठीतल्या वाहिन्या गळक्या तर दुसरीतल्या घट्ट. शिवाय गाठीच्या आतला दाब इतका असतो की कण कडेलाच अडकतात आणि मधल्या पेशींपर्यंत जात नाहीत.

कणांवर प्रतिपिंडाचे तुकडे लावले की ते नेमके कर्कपेशींकडे जातील, ही पुढची पायरी होती. हर-२, म्हणजे काही स्तनकर्कपेशींच्या पृष्ठभागावर जादा असणारे प्रथिन, ओळखणारे तुकडे लावलेल्या लायपोसोमची, म्हणजे एमएम-३०२ ची, मोठी चाचणी झाली, पण फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून २०१६ मध्ये ती थांबवली गेली. पॅक्लिटॅक्सेल भरलेल्या एनके-१०५ या बहुवारिक (पॉलिमरच्या) कणांनाही पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात साध्या पॅक्लिटॅक्सेलची बरोबरी सिद्ध करता आली नाही. माझ्या मते या अपयशांची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही. कण पेशीला चिकटण्याचा प्रश्न पुढचा आहे. आधी त्याला वाहिनीतून बाहेर पडून पेशीपर्यंत पोहोचावे लागते, आणि बाहेर पडण्याची अडचण पृष्ठभागावर काहीही लावले तरी तशीच राहते.

मग प्रतिपिंडाला जोडलेले औषध का यशस्वी झाले?

एक कारण आकाराचे आहे. प्रतिपिंड सुमारे १० नॅनोमीटरचे, म्हणजे लायपोसोमच्या एक दशांश, त्यामुळे ते गाठीत खोलवर शिरू शकते. रक्तात ते बरेच दिवस टिकते. आणि हर-२ पॉझिटिव्ह गाठीत त्याला चिकटायला जागाही भरपूर असते. निरोगी स्तनपेशीवर हर-२ चे रेणू वीस-पन्नास हजार असतात, तर हर-२ पॉझिटिव्ह कर्कपेशीवर त्यांची संख्या वीस लाखांपर्यंत जाते. या रेणूच्या अतिरेकाचा आणि आजार उलटण्याचा संबंध डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवला आणि १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅबला मान्यता मिळाली. एडीसी त्याच पायावर उभी आहेत.

प्रत्येक एडीसीचे तीन भाग असतात: पेशी ओळखणारे प्रतिपिंड, पेशी मारणारे औषध आणि त्या दोघांना जोडणारा दुवा. रुग्णांशी बोलताना पहिल्या दोहोंचाच उल्लेख होतो, पण औषधाचा स्वभाव बऱ्याच अंशी दुव्यावर ठरतो. तो रक्तात तुटला तर जहाल औषध सगळीकडे सांडेल, आणि पेशीत शिरल्यावरही तुटला नाही तर औषध निकामी ठरेल.

ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅनचा एक रेणू पेशीत शिरताना काय होते ते पाहू. प्रतिपिंड पेशीच्या पृष्ठभागावरच्या हर-२ ला चिकटते. पेशीचे आवरण त्या जागी आत वळते आणि ही जोडी एका बुडबुड्यात बंद होऊन आत ओढली जाते. तो बुडबुडा लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनकोशात, रिकामा होतो. तिथल्या कॅथेप्सिन या विकरांची (एन्झाइमची) पातळी कर्कपेशींत वाढलेली असते, आणि चार अमिनो आम्लांचा दुवा त्यांना तोडता येईल असाच बनवलेला आहे. दुवा तुटला की औषध मोकळे होते, पेशीच्या केंद्रकात जाते, आणि डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला अडकवून ठेवते. डीएनएची नक्कल होताना तो तुटतो आणि पेशी मरते. एका प्रतिपिंडावर असे सुमारे आठ रेणू असतात. मोकळे झालेले औषध पेशीच्या आवरणातून आरपार जाऊ शकत असल्याने शेजारच्या पेशीही मरतात, त्यांच्यावर हर-२ थोडेच असले तरी. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात, त्यामुळे हा शेजारपरिणाम फार मोलाचा आहे.

त्याच्या आधीचे ट्रास्टुझुमॅब एमटान्सिन २०१३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याच्या प्रत्येक प्रतिपिंडावर सरासरी साडेतीन रेणू असतात आणि दुवा न तुटणारा असतो. लायसोसोममध्ये प्रतिपिंडच विरघळून औषध सुटते, पण त्याला चिकटून राहिलेल्या अमिनो आम्लामुळे ते पेशीबाहेर पडून शेजारी जाऊ शकत नाही. यातले औषध मेटान्सिनच्या कुळातले आहे. मेटान्सिन स्वतंत्रपणे १९७० च्या दशकात रुग्णांना देऊन पाहिले होते आणि विषारीपणामुळे सोडून द्यावे लागले होते. जे मोकळे देणे शक्य नव्हते ते बांधून देणे शक्य झाले. या दोन एडीसींची थेट तुलना झाली तेव्हा वर्षभराने आजार न वाढलेल्या रुग्णांचे प्रमाण डेरुक्स्टेकॅनच्या गटात ७५.८ टक्के आणि एमटान्सिनच्या गटात ३४.१ टक्के होते. प्रतिपिंड दोन्हींत ट्रास्टुझुमॅबच होते. हा फरक औषधाने आणि दुव्याने पाडला.

अहवालात हर-२ निगेटिव्ह लिहिले आहे. मग या औषधाचा विचारही करू नये का?

करावा, पण आधी अहवाल नीट वाचून. ऊतीच्या रंगचाचणीत हर-२ ला ०, १+, २+ किंवा ३+ असा अंक देतात. ३+ असेल, किंवा २+ असून जनुकचाचणी पॉझिटिव्ह असेल, तर गाठ हर-२ पॉझिटिव्ह धरतात. पूर्वी बाकीच्या सगळ्यांना सरसकट निगेटिव्ह म्हणत. आता १+, तसेच जनुकचाचणी निगेटिव्ह असलेला २+, हा अल्प हर-२ असा वेगळा गट मानला जातो.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेस्टिनी-ब्रेस्ट०४ या चाचणीत, आजार पसरलेल्या आणि आधी केमोथेरपी झालेल्या अशा रुग्णांत ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, २३.४ महिने होते, तर डॉक्टरांनी निवडलेली केमोथेरपी घेणाऱ्यांचे १६.८ महिने. त्याच वर्षी अमेरिकेत या गटासाठी मान्यता मिळाली, आणि २०२५ च्या जानेवारीत हार्मोन-पॉझिटिव्ह गाठींत याहूनही कमी, जेमतेम दिसणाऱ्या हर-२ साठी मान्यता वाढवली गेली. तेव्हा अहवालाच्या शेवटच्या ओळीतला निगेटिव्ह हा शब्द वाचून फाइल मिटू नका. अंक कोणता आहे ते पाहा, आणि लिहिलेला नसेल तर प्रयोगशाळेकडून लिहून घ्या. आजार दुसरीकडे पसरला असेल तर तिथली बायोप्सी पुन्हा करण्याचा सल्लाही याचसाठी देतात, कारण मूळ गाठीचा आणि पसरलेल्या गाठीचा अंक वेगळा असू शकतो.

ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगात काय करता येते?

तिथे हार्मोनचे ग्राही (रिसेप्टर) नसतात आणि हर-२ चा अतिरेकही नसतो, त्यामुळे दुसरी खूण शोधावी लागली. ट्रॉप-२ हे प्रथिन बहुतेक स्तनकर्कपेशींवर भरपूर असते. सॅसिटुझुमॅब गोविटेकॅन त्याला चिकटते आणि एसएन-३८ हे औषध पोहोचवते, जे आयरिनोटेकॅन या जुन्या औषधाचे शरीरात तयार होणारे सक्रिय रूप आहे. त्याचा दुवा गाठीतल्या आम्लधर्मी वातावरणात हळूहळू सुटतो, त्यामुळे पेशीबाहेरही काही औषध मोकळे होते. असेंट या चाचणीत, अनेक उपचार होऊन गेलेल्या रुग्णांत मध्यम आयुर्मान केमोथेरपीने ६.७ महिने आणि या औषधाने १२.१ महिने आले. ज्या आजारात अनेक वर्षे सांगण्यासारखे काही घडत नव्हते, तिथे हा फरक मोठा आहे. तरीही बहुतेक रुग्णांत आजार पुढे वाढतो हे लपवण्यात अर्थ नाही.

हार्मोन-पॉझिटिव्ह गाठीसाठी?

तिथे आधी हार्मोनविरोधी उपचारच देतात, कारण ते चालतात आणि सोसतात. ते चालेनासे झाल्यावर अल्प हर-२ असल्यास ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन, तसेच ट्रॉप-२ वर आधारित सॅसिटुझुमॅब गोविटेकॅन किंवा डॅटोपोटमॅब डेरुक्स्टेकॅन हे पर्याय येतात. यातल्या शेवटच्या औषधाला अमेरिकेत २०२५ च्या जानेवारीत मान्यता मिळाली.

ही औषधे फक्त आजार पसरल्यावरच देतात का?

नाही. हर-२ पॉझिटिव्ह आजारात शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी आणि ट्रास्टुझुमॅब देऊनही काढलेल्या ऊतीत कर्कपेशी शिल्लक दिसल्या, तर पुढे ट्रास्टुझुमॅब एमटान्सिन देता येते. कॅथरीन या चाचणीत तीन वर्षांनी आजार न उलटलेल्या रुग्णांचे प्रमाण यामुळे ७७ वरून ८८.३ टक्क्यांवर गेले. आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका निम्म्यावर आला. हे रुग्ण बरे होण्याच्या मार्गावर असतात, म्हणून मला या क्षेत्रातला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वाटतो.

औषध थेट गाठीत जाते, तर दुष्परिणाम का होतात?

कारण बराचसा भाग गाठीबाहेरच राहतो. ज्या खुणेला प्रतिपिंड चिकटते ती निरोगी पेशींवरही थोडी असते, काही दुवे रक्तातच तुटतात, आणि प्रतिपिंडे शरीरात मोडली जातात तेव्हा जोडलेले औषध कुठेतरी सुटतेच. एडीसी ही केमोथेरपी नव्हे असे रुग्णांना सांगितले जाते तेव्हा मला काळजी वाटते, कारण जोडलेले औषध केमोथेरपीचेच असते आणि रुग्ण गाफील राहतो.

प्रत्येक औषधाचा त्रास वेगळा असतो. ट्रास्टुझुमॅब एमटान्सिनने प्लेटलेट कमी होतात आणि यकृताच्या चाचण्या बिघडतात. सॅसिटुझुमॅब गोविटेकॅनने श्वेतपेशी घसरतात आणि जुलाब होतात. एसएन-३८ निकामी करणारे विकर ज्यांच्यात जन्मतःच मंद असते त्यांना हा त्रास अधिक होतो. डॅटोपोटमॅब डेरुक्स्टेकॅनने तोंड येते आणि डोळ्यांच्या पृष्ठभागाला इजा होऊ शकते. ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅनने मळमळ खूप होते, म्हणून ती थांबवणारी औषधे आधीच देतात. पण खरा धोका फुप्फुसांच्या दाहाचा असतो. शंभरातल्या साधारण दहा ते पंधरा रुग्णांत तो आढळला आहे, बहुतेकांत सौम्य, पण काहींत प्राणघातक. सुरुवातीला तो फक्त छातीच्या सीटी स्कॅनमध्ये दिसतो, म्हणून तक्रार नसतानाही ठरावीक काळाने स्कॅन करतात आणि तो टाळू नये. हर-२ वरच्या सगळ्याच औषधांत हृदयाची पंपशक्ती इकोने अधूनमधून तपासतात.

नावे इतकी सारखी आहेत की गोंधळ होतो. त्याने काही बिघडते का?

बिघडते. ट्रास्टुझुमॅब, ट्रास्टुझुमॅब एमटान्सिन आणि ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन ही तीन वेगळी औषधे आहेत आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही. दर तीन आठवड्यांची नेहमीची मात्रा वजनाच्या किलोमागे अनुक्रमे ६, ३.६ आणि ५.४ मिलिग्रॅम असते. एमटान्सिन चुकून ट्रास्टुझुमॅबच्या मात्रेने दिले गेले तर ते जीवावर बेतू शकते. हा धोका ओळखूनच अमेरिकेत दोन्ही एडीसींच्या नावांच्या आधी अनुक्रमे अ‍ॅडो आणि फॅम अशी अक्षरे जोडली गेली. डेरुक्स्टेकॅन फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात, मिठाच्या सलाईनमध्ये नाही, आणि पिशवी उजेडापासून झाकून ठेवतात. ड्रिप लावण्याआधी परिचारिकेला पिशवीवरचे पूर्ण नाव आणि मात्रा मोठ्याने वाचायला सांगणे हा रुग्णाचा हक्क आहे; त्यात संकोच वाटून घेऊ नये.

मेंदूत पसरलेल्या गाठींपर्यंत ही औषधे पोहोचतात का?

मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत इतर ठिकाणांपेक्षा फार घट्ट असते, आणि प्रतिपिंडासारखा मोठा रेणू तिथून जाणार नाही असे बराच काळ गृहीत धरले होते. प्रत्यक्षात गाठीच्या जागी ही भिंत काहीशी सैल झालेली असते. २०२४ मध्ये आलेल्या डेस्टिनी-ब्रेस्ट१२ च्या निष्कर्षांत हर-२ पॉझिटिव्ह रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के रुग्णांच्या मेंदूतल्या गाठी ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅनने लक्षणीय आकसल्या. केंद्रित अल्ट्रासाउंडने ही भिंत काही तासांपुरती उघडून ट्रास्टुझुमॅब आत जाऊ देण्याचा प्रयोगही कॅनडात झाला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चारच रुग्ण होते, त्यामुळे तो उपचार नव्हे, शक्यतेचा पुरावा आहे. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांचे स्थान मेंदूच्या बाबतीत अजून कायम आहे.

शिरेऐवजी त्वचेखाली किंवा थेट स्तनात औषध देता येते का?

ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब हे हर-२ ला चिकटणारे दुसरे प्रतिपिंड एकत्र करून मांडीच्या त्वचेखाली देण्याचे इंजेक्शन २०२० पासून उपलब्ध आहे. त्यात हायलुरोनिडेज हे विकर मिसळलेले असते. ते त्वचेखालची जाळी तात्पुरती सैल करते आणि एवढे द्रव आत मावते. पहिली मात्रा आठ आणि पुढच्या पाच मिनिटांत होतात. यामुळे औषध अधिक नेमके होत नाही, पण तासन्‌तास खुर्चीत बसणे आणि दर वेळी शीर शोधणे टळते, आणि हा दिलासा लहान नाही.

स्तनाच्या त्वचेवर चोळायचे टॅमॉक्सिफेनचे जेल आणि दुग्धनलिकेतून आत सोडलेले औषध यांवर अभ्यास झाले आहेत. दोन्ही अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाहीत.

उंदरांवर नवा नॅनोकण यशस्वी झाल्याच्या बातम्या येतात. त्यांवर किती विसंबावे?

उत्सुकतेने वाचाव्यात, उपचाराचा निर्णय मात्र त्यांवर घेऊ नये. उंदरातली गाठ काही आठवड्यांत वाढवलेली असते, शरीराच्या मानाने मोठी असते आणि तिच्या वाहिन्या खूप गळक्या असतात, म्हणून कण तिथे भरपूर साचतात. माणसातली गाठ वर्षानुवर्षे हळूहळू वाढलेली असते. ४०-४२ अंश सेल्सियसला फुटणारे लायपोसोम ही कल्पना अतिशय सुरेख आहे. छातीच्या भिंतीवर उलटलेल्या कर्करोगात ते देऊन तो भाग बाहेरून तापवण्याचे प्रयोगही झाले. पण यकृताच्या कर्करोगात मोठ्या चाचण्यांत त्याला फायदा सिद्ध करता आला नाही. बातमी वाचताना चाचणी माणसांवर होती का, कोणत्या उपचाराशी तुलना केली आणि फक्त गाठ आकसली की आयुष्यही वाढले, हे शोधावे.

उपचारादरम्यान गर्भधारणा झाली तर?

हर-२ वर चालणाऱ्या प्रतिपिंडांमुळे गर्भाभोवतीचे पाणी कमी होऊन बाळाला गंभीर धोका होतो. उपचार चालू असताना आणि शेवटच्या मात्रेनंतर सात महिने खात्रीचे, हार्मोन नसलेले गर्भनिरोधक वापरावे. मूल हवे असेल तर बीजांडे किंवा भ्रूण गोठवून ठेवण्याबद्दल उपचार सुरू होण्याआधीच बोलावे.

घरी असताना कोणत्या तक्रारी झाल्यास लगेच कळवावे?

ताप ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक असेल तर रात्रीची वेळ असली तरी वाट पाहू नये, कारण श्वेतपेशी घसरलेल्या असताना संसर्ग काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो. ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन चालू असताना नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला किंवा जिना चढताना लागणारी धाप ही साधी सर्दी समजून घरी औषध घेऊ नये. पुढची मात्रा थांबवून फुप्फुसांची तपासणी करावी लागते, आणि गरज असल्यास स्टेरॉइड लगेच सुरू करावे लागते. दिवसातून चारपेक्षा अधिक जुलाब, हिरड्यांतून किंवा नाकातून थांबत नसलेले रक्त, डोळे पिवळे दिसणे, पायांवर अचानक सूज, डोळ्यांत खुपणे किंवा अंधुक दिसणे हेही त्याच दिवशी सांगावे. फोन करताना औषधाचे पूर्ण नाव आणि शेवटची मात्रा कोणत्या तारखेला झाली हे आधी सांगावे, म्हणजे पलीकडच्या डॉक्टरांना काय शोधायचे ते लगेच कळते. ही माहिती लिहिलेला कागद घरातल्या आणखी एका माणसाकडेही असावा.